काहिलीत पडलेला फोन
चहात गूळ विरघळायला लागला, की मला वरवंडचं आमचं गुऱ्हाळ आठवतं. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. पाक कितपत आलाय ते बघायला वडील काहिलीवर वाकले आणि बंडीच्या खिशातला फोन उकळत्या रसात पडला. "तुझ्या आईचा आवाज हाय रं त्यात!" ते कळवळले. त्यांचे व्हिडिओ आपोआप क्लाउडवर जातील अशी सोय मी आधीच करून ठेवली होती. गाडीतला लॅपटॉप आणून तिथंच व्हिडिओ लावला. पडद्यावर काहिलीतला रस दिसला आणि मागून आई ओरडली, "आवं, लई वाकू नगा, खिशातलं पडंल!" वडील डोळे पुसत हसले, "बघ, सांगत व्हती." आता तो व्हिडिओ माझ्याही फोनवर आहे, आणि वडील अजून वाकतातच.