शत्रूच्या छावणीतलं पाणी

बीडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना गॅदरिंगसाठी मी नाटुकलं लिहिलं. इतिहास माझा विषय. मध्ययुगातली दोन राज्यं, मांजरा नदीच्या दोन काठांवर त्यांच्या फौजा, चार गावांच्या हद्दीवरून ठाण मांडून बसलेल्या. एक दूत पलीकडे जातो आणि लढाई टळते. गोष्ट मीच रचलेली. दूताचं भाषण दीड पान होतं, 'उभय राज्यांचे कल्याण' वगैरे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्या भाषेचा मला अभिमान होता.

दूत मीच होणार होते. पण नाटक बसवणाऱ्या मॅडमनी ते काम माझ्या होस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीला दिलं. तिचा आवाज खणखणीत. मी हसून होकार दिला आणि रोज तालमीत ती चुकायची वाट बघितली.

ती चुकली ऐन प्रयोगात. शत्रूच्या राजापुढं भाषण विसरली. मी पडद्याआड वही घेऊन उभी होते. शब्द सांगू शकले असते. सांगितला नाही.

ती सरळ मांडी घालून बसली. "राजेसाहेब, हद्दीचं बघू मागून. आदी पाणी द्या. लई उन्हातून आलोय."

राजा झालेली पोरगी गोंधळली. "दुश्मनाच्या हातचं पाणी पितोस?"

"पितो की. तुमी पाणी पाजलं की मग मला मारायला तुमचा हात उठायचा न्हाई."

हॉल टाळ्यांनी भरला. राजानं पाणी मागवलं आणि तह झाला.

तो प्रसंग माझ्या आईचा होता. ऊसतोडीत दोन टोळ्या फडाच्या हद्दीवरून कोयते घेऊन समोरासमोर आल्या, तेव्हा आई रिकामा तांब्या घेऊन पलीकडं पाणी मागायला गेली होती आणि कोयते खाली झाले होते. कपडे धुताना हे मीच मैत्रिणीला सांगितलं होतं. नाटकात मात्र घातलं नव्हतं. कोयतेवाल्या बाईचं इतिहासात काय काम, असं वाटलं होतं.

"पाण्याचं कुणाला सुचलं?" मॅडमनी विचारलं.

"हिला," मैत्रीण म्हणाली. मी होकाराची मान हलवली आणि लेखनाचं बक्षीस घेतलं.

साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर आई गावी आली. मी तिला माझं दीड पान वाचून दाखवलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण लई बोलतोय गं त्यो. कोयते उगारल्यावर एवढं कोण ऐकतंय?"

मैत्रिणीनं नाटकात पाणी मागितल्याचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला माझी मैत्रीण आवडली असती.