माना वर केलेली माणसं

मध्यभारताची राजधानी तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला हिंडायची. अंबिकाकाकू मात्र नवरा गेल्यापासून अकरा वर्षं इंदूरच्या राजवाड्यामागच्या एका माडीवरच होत्या. दीर दत्तोपंत कचेरीत कारकून. माणूस वाईट नव्हता. फक्त विधवा वहिनीनं जिना उतरायचं नाव काढलं, की ते ‘लोक काय म्हणतील’ सुरू करायचे.

काकू गौरींपुढे मांडायला मातीची छोटी माणसं करायच्या. ती पाहून मिशनच्या शाळेतल्या सरलाबाईंनी नाताळसाठी काम सांगितलं. गोठ्यात येशूबाळ, आणि त्याला बघायला आलेली इथलीच माणसं: तेली, लोहार, कासार, पखालवाला भिश्ती. "आणि मांडायला तुम्हीच यायचं," असं बजावून त्या गेल्या. त्या एका वाक्यावर काकू महिनाभर जगल्या. जिना, गल्ली, टांगा, शाळेचं फाटक, सगळं त्यांनी मनातल्या मनात शंभरदा ओलांडलं.

माणसं झाली मोठी झकास. तेल्याची ढेरीसुद्धा हुबेहूब. रंग द्यायच्या आधी सरलाबाई बघायला आल्या, हरखल्या, मग थबकल्या.

"काकू, बहोत बढिया! पण हे सगळे वर काय बघतायत? बाळ तर नीचे आहे ना!"

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. ही माणसं त्यांनी फक्त खिडकीतून पाहिली होती, रस्त्यात उभी राहून, मान वर करून "काय हवंय, बाई?" विचारणारी. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ती त्यांना ठाऊकच नव्हती.

संध्याकाळी त्यांनी धीर केला. "भावजी, नाताळात मांडायला जाऊ मी? आणि त्याआधी एकदा बाजारात? लोहार वाकतो कसा, ते बघायचंय."

"देखो वहिनी, मूर्ती मी स्वतः पोचवतो की. तुमचं तिथं काय काम? फालतू में लोक बातें करतील."

झालं! आणि तेही इतक्या गोड आवाजात, की भांडायलाही जागा नाही. जीव नुसता घुसमटतो अशा गोडव्यात.

काकूंनी सगळ्यांच्या माना मोडल्या. मग दिरापुढे उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या, स्वतःच्या मानेवरून हात फिरवला, आणि ओल्या मातीनं एकेक मान तशीच वाकवून जोडली.

नाताळानंतर सरलाबाई मिठाई घेऊन आल्या. "सगळे पूछत होते काकू, इतक्या नम्र माना कुठे बघितल्या तुम्ही?"

"घरातच," काकू म्हणाल्या.

बाजूला बसलेल्या दत्तोपंतांना वाटलं, वहिनींनी घराण्याचं कौतुक केलं. ते खूश होऊन हसले.