राहेलआत्या गाळायच्या ती ओळ

प्रभूची प्रार्थना सुरू झाली की आमच्या बारामतीच्या चर्चमध्ये आवाज एकच, राहेलआत्यांचा. बाकीची मंडळी नुसती मागून फरफटत यायची. पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, ही ओळ आली की आत्या गप्प. ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ छताकडे. पुढं रोजच्या भाकरीची ओळ आली की पुन्हा खणखणीत सुरू, जणू मध्ये काही झालंच नाही. मी पेटी वाजवायचो, त्यामुळे माझं तोंड लोकांकडे. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हे मलाही ठाऊक होतं, पण असली मजा सोडून डोळे कोण मिटेल! आत्या थांबल्या की मंडळी दचकून थांबायची आणि मग कुणीतरी ती ओळ पुटपुटून उरकून टाकायचं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. आत्यांचे यजमान शांतवनमामा साखर कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस घालायचे. मोठा हसरा माणूस, गाता गळा. ऐन हंगामात झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आत्यांनी उपास केले, गुडघे टेकून टेकून लुगडं झिजवलं. मामा काही खाटेवरून उठले नाहीत. त्यानंतरच्या एका रविवारपासून आत्यांनी ती ओळ सोडली.

त्या काळात आम्हाला नवे पाळकसाहेब आले. कोवळा पोरगा, शिक्षण संपवून थेट आमच्या पदरात. त्यांनी उपासनेनंतर आत्यांना दारातच गाठलं.

"आत्या, प्रार्थनेतली एक ओळ तुम्ही म्हणत नाही?"

"न्हाय म्हणत."

"का बरं?"

"त्याच्या मनाला यील तसं त्यो करतोयच की. वरनं मीच त्याला, लई ब्येस केलंस बाबा, म्हणू व्हय?"

"देवावर असं रुसू नये, आत्या."

"पाळकसाहेब, लगीन झालंय का तुमचं?"

"अजून नाही."

"मंग तुमाला न्हाय कळायचं. रुसल्यालं माणूस घर सोडून जात न्हाय, चुलीपाशीच बसून ऱ्हातंय. मी चर्च सोडलंय का? भांडण हाय म्हंजे नातं हाय. ज्याच्याशी नातंच न्हाय त्याच्याशी कोण कशाला भांडंल?"

पाळकसाहेब कानापर्यंत लाल झाले. आत्या आपल्या गावच्या, कन्हेरीच्या, वडाप जीपमध्ये जागा धरायला निघूनही गेल्या.

घरीही तेच. म्हशीची धार काढता काढता आत्या देवाला फैलावर घ्यायच्या, आणि आवाज चढला की म्हैस बिथरून पान्हा चोरायची. नुकसान कुणाचं? आत्यांचंच! शेवटी त्यांनी नियमच केला, "आधी धार, मंग तक्रार." मामांना पेज भरवताना मात्र बाई वेगळीच असायची. "खा हो, लेकरा. मोठं झाल्यावर ट्रॅक्टर घ्यायचाय न्हवं?" असं म्हणून ओठाची कड पुसायची. मामा तोंडाच्या डाव्या बाजूनं हसायचे. ते अर्धं हसू बघून मी मान खाली घालायचो. त्या घरात रडायची सोय नव्हती. "पेटीमास्तर, तोंड कशापायी पाडलंय? कोण मेलं?" असं आत्या फाडकन विचारायच्या.

एकदा कन्हेरीला त्यांच्याच घरी प्रार्थनासभा ठरली. जीपच्या टपावर पेटी बांधून आम्ही संध्याकाळी पोचलो. मामांना भिंतीला टेकवून खाटेवर बसवलं होतं. गाणी झाली, पाळकसाहेबांचं चार शब्दांचं प्रवचन बरंच लांबलं, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. ती ओळ आली. आत्या गप्प झाल्या. सवयीनं आम्हीही अडखळलो.

आणि खाटेवरून आवाज आला. जड, घोगरा, शब्दाशब्दाला अडकणारा. झटका आल्यापासून ज्या माणसाच्या तोंडून धड एक शब्द फुटला नव्हता, तो माणूस ती ओळ म्हणत होता. थांबत, ओढत, पण पुरी म्हणाला.

आत्या खाटेकडे बघत राहिल्या. "तुमी? तुमी म्हणताय ह्ये?"

मामांनी मान हलवली आणि अर्धं हसले. मग आत्या जे रडल्या! इतक्या वर्षांचं एकदाच रडून घेतलं. पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "ज्याचं अंग गेलं त्यो व्हय म्हणतोय, आन मी धडधाकट बाई तोंड शिवून बसलीय! आता कुणाच्या बाजूनं भांडू मी?" पाळकसाहेबांचेही डोळे वाहत होते. आत्यांनी त्यांनाच दटावलं, "थांबलात का? भाकर ऱ्हायली की मागायची!" आम्ही हसत-रडत प्रार्थना पुरी केली.

मामा बरे झाले नाहीत. त्या एका ओळीपलीकडे त्यांना बोलताही आलं नाही. पण रोज दिवेलागणीला दोघं मिळून प्रार्थना म्हणायचे, आणि ती ओळ आधी मामांची. रविवारी चर्चमध्येही आत्या त्या ओळीआधी एक श्वास थांबायच्या आणि मगच म्हणायच्या. "आधी घरी ह्येंचं म्हणून हुऊ द्या," म्हणायच्या. एकदा मला म्हणाल्या, "पेटीमास्तर, देव वर बसलाय म्हणून मी मान मोडंस्तवर वर बघून भांडत हुते. त्यो तर हितं ह्येंच्या उशाशीच हुता."

पुढं मामा गेले. दफनभूमीत प्रार्थना सुरू झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनीच एकेक डोळा उघडा ठेवला होता. ती ओळ आली. आत्या थांबल्या. वाट बघितली. खाटेवरचा आवाज आता यायचा नव्हता. मग त्यांनी एकटीनंच ती ओळ म्हटली. मध्ये आवाज फाटला, पण म्हटली. आमेन झाल्यावर आभाळाकडे बघून बजावलं, "म्हणले बरं का. पर माझं बोलणं सरल्यालं न्हाय. वर आले की बसू निवांत."

आता आत्याही नाहीत. आमची मंडळी मात्र त्या ओळीआधी अजून एक श्वास थांबते. परवा आणखी एका नव्या पाळकांनी मला विचारलं, "ही थांबायची पद्धत कुठली हो?"

मी म्हटलं, "कन्हेरीची."

तेवढ्या वेळात मी अजूनही डोळे मिटत नाही, छताकडे बघतो. आत्या एव्हाना निवांत बसल्या असतील बोलत. काळजी मला देवाचीच वाटते.