शुभेच्छुकांची वेबसाइट

पारनेरचा बजरंग फ्लेक्स छापतो. खाली शुभेच्छुकांचे चेहरे जितके जास्त, तितका वरचा माणूस मोठा, हे त्याचं गणित. आणि तालुक्यात ते चुकलेलं मी तरी पाहिलं नाही. दुकानाची वेबसाइट झाल्यावर त्यानं तेच केलं. जुगाराच्या, टक्कल घालवायच्या, असल्या शेकडो साइटींवर पैसे देऊन आपल्या दुकानाची लिंक टाकून घेतली. गुगलच्या पहिल्या पानावर दिसणारं दुकान महिन्याभरात शोधूनही सापडेना.

वेबसाइट बनवणारी पुतणी दिपाली म्हणाली, "नाना, गुगल डोकी मोजत नाही. तुमची शिफारस कोण करतंय ते बघतं. सगळे लफंगे निघाले की तुम्हालाही त्यांच्यातलंच धरतं."

"मग त्याला राजकारण कळत न्हाई," बजरंग म्हणाला. "हितं तसले किती पाठीशी हायेत, ते बघूनच तिकीट देत्यात."