टीव्हीचं खोकं आणि अकरावीचे विषय

आखातात, मनाम्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटांवर, पलंगाखाली, जिकडेतिकडे रिकामी खोकी होती. टीव्हीचं, मिक्सरचं, पंख्याचं. आतल्या थर्माकोलसकट जपलेली. कारण एकच, पुढच्या वर्षी परत जायचंय. हे ‘पुढचं वर्ष’ माझ्या जन्माआधीपासून चालू होतं. सोफा घ्यायचा नाही, परत जायचंय. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, भाड्याचं घर, परत जायचंय. ओळखीची निम्मी मराठी घरं अशीच तळ्यात-मळ्यात करत होती, त्यामुळे यात काही वावगं आहे असं मला दहावीपर्यंत वाटलंच नाही.

मग अकरावीचे विषय निवडायची वेळ आली. मला इंजिनिअर व्हायचं होतं. त्यासाठी गणित आणि फिजिक्स हवंच. ते नसेल तर इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारात कुणी उभं करत नाही. बाबा म्हणाले, कॉमर्स घे.

“पुढच्या वर्षी चिपळूणला गेलो की बोर्ड बदलणार, प्रॅक्टिकलं बदलणार. नुसता घोळ! कॉमर्सचं तसं नाही, ते कुठेही मिळतं.”

“आणि नाही गेलो तर?”

“नाही कसं गेलो?” बाबा खरोखरच चकित झाले होते.

ते एका ऑफिसात अकाउंटंट. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण एकदा नाही म्हटलं की खलास. आमच्या शाळेत विषय पालकांनीच येऊन सांगायचे असत आणि शनिवार शेवटचा दिवस होता. मी आईकडे गेले तर ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून मी हे पुढचं वर्ष ऐकतेय बाई. मला नको विचारूस.” रडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी मला संताप आला. चिपळूणच्या न घेतलेल्या घरासाठी मी माझं गणित सोडू? का म्हणून?

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा मासे आणायला गेले. मी स्टुलावर चढले, टीव्हीचं खोकं खाली ओढलं आणि भाजीच्या सुरीने चारही कोपरे चिरले. आई कणीक मळता मळता बघत राहिली. अडवलं मात्र नाही. सगळ्यात मोठा पुठ्ठा कापून मी त्यावर जाड मार्करने त्रिकोणमितीची सूत्रं लिहिली आणि तो पलंगाशेजारी भिंतीला टेकवून ठेवला.

बाबा आले. हातात माशांची पिशवी, तसेच दारात उभे.

“अगं, टीव्ही काय डोक्यावरून न्यायचा?”

“टीव्ही इथेच राहील, बाबा. मीही बारावीपर्यंत इथेच आहे. तुम्ही गेलात तरी मी हॉस्टेल शोधीन, कुणाच्या तरी घरी राहीन, पण गणित सोडणार नाही.”

मुलींसाठी तिथे असं हॉस्टेल आहे की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. बाबांनी पिशवी आईकडे दिली. जेवण झाल्यावर ते पेपर उघडून बसले. मला वाटलं, संपलं सगळं.

शनिवारी ते ऑफिसला उशिरा जायचं ठरवून माझ्याबरोबर शाळेत आले. टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, तेव्हा बाबांनी घसा खाकरला. “सायन्स. मॅथ्स आणि फिजिक्स.” मग, कुणी विचारलं नसताना, “दोन वर्षं आम्ही इथेच आहोत.” मला तिथेच रडू फुटलं. त्या बाईंना वाटलं मुलीला जबरदस्तीने सायन्स घ्यायला लावलंय. त्या बाबांकडे रागाने बघू लागल्या.

संध्याकाळी बाबा हातोडी घेऊन आले. ती त्यांनी शेजारच्यांकडून मागून आणली होती, आमच्या घरात हातोडी नव्हतीच. पलंगाशेजारच्या भिंतीत त्यांनी खिळा ठोकला, पुठ्ठ्याला सुतळी ओवून तो टांगला आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं. पुठ्ठा चांगलाच तिरका होता.

“परत जाताना हे भोक बुजवायला लागेल,” ते म्हणाले.

“बुजवीन मी,” म्हटलं. “बारावी झाल्यावर.”