पुडी बांधणारा हात

कारंजा घाडगेच्या बाजारओळीत प्रभाकररावांचं किराणा दुकान आहे. साखर, डाळ, साबुदाणा सगळ्याच दुकानांत मिळतो. लोक इथे यायचे ते प्रभाकररावांच्या पुडीसाठी. एकदा एका बाईची साबुदाण्याची पुडी एसटीच्या टपावरून रस्त्यावर पडली, एक सायकल तिच्यावरून गेली आणि तरी पुडी सुटली नाही, अशी गोष्ट बाजारात अजून सांगतात. साबुदाणा एसटीच्या टपावर कोण ठेवतं, असं विचारायचं नाही. गोष्ट चांगली आहे, आणि पुडी त्याहून चांगली होती.

ही कला त्यांना वडिलांनी शिकवली, तीही कोरड्या रेतीवर. सोळाव्या वर्षी पोराला गादीवर बसवलं आणि सहा महिने धान्याला हात लावू दिला नाही. चौकोनी कागदाचा शंकूसारखा कोन वळायचा, रेती भरायची, तोंड दुमडायचं, वर टांगलेल्या रिळाचा दोरा दोनदा उभा, दोनदा आडवा फिरवायचा आणि बोटाच्या एका झटक्यात तोडायचा. कात्री मागणारा नवशिका. रेतीचा एक कण गळला तरी वडील पुडी सोडायला लावत. रेती थांबली की साखरेची काय बिशाद आहे बाहेर पडायची, असा त्यांचा हिशेब होता.

कागद यायचा पोरांच्या जुन्या वह्यांतून. परीक्षा संपली की पोरं वह्यांचे गठ्ठे आणून टाकत आणि ओंजळभर फुटाणे घेऊन पळत. पण प्रभाकरराव वही सरसकट फाडत नसत. आधी पान न् पान चाळायचे, कोरी पानं बाजूला काढायचे, दाभणाने शिवून त्यांची नवी वही करायचे आणि ज्याची त्याला परत द्यायचे. कोरं पान फाडणारा माणूस त्यांना ताटातलं अन्न फेकणाऱ्यासारखा वाटे. स्वभाव तापट. एका गुरुजींनी त्यांच्या डोळ्यांदेखत कोऱ्या कागदाने चष्मा पुसून बोळा फेकला, तेव्हा गुरुजींनाही त्यांनी तो बोळा उचलायला लावला होता.

पुढे पन्न्या आल्या. बाजारात सगळीकडे प्लास्टिकच्या पन्न्यांत डाळ-तांदूळ दिसायला लागला, तरी प्रभाकररावांचा दोरा सुटला नाही. तो सोडवला त्यांच्या हातानेच.

तीन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, मग डावाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं, की हे जाणार नाही, याच्याशी जमवून घ्या. आणि एका एकादशीच्या आदल्या दिवशी, भरल्या दुकानात, पाव किलो साबुदाणा त्यांच्या हातातून सुटून काउंटरभर झाला. कोणी हसलं नाही. हसले असते तर म्हाताऱ्याने चार शिव्या तरी दिल्या असत्या. मुलाने, योगेंद्रने, मुकाट्याने साबुदाणा गोळा केला आणि आठ दिवसांत पन्न्या चिकटवायचं मशीन आणून ठेवलं. पाव किलो, अर्धा किलो, सगळा माल आधीच बांधून तयार, वर दुकानाचं नाव छापलेलं.

"बाबा, तुमी आता आराम करा," तो म्हणाला.

पोरगा मायेनेच म्हणाला, यात शंका नाही. पण माया कधीकधी माणसाला कोपऱ्यात नेऊन बसवते. तेव्हापासून प्रभाकरराव काउंटरच्या बाजूच्या खुर्चीवर बसत, दोन्ही हात बंडीच्या खिशात कोंबून. वैशाखातही. हाताबद्दल घरात कोणी शब्द काढत नसे. त्यांच्या पत्नी, यशोदाबाई, चहाचा कप अर्धाच भरून देत आणि दुसरा अर्धा मागाहून आणत, जणू चहा असाच प्यायचा असतो.

यंदा त्यांची नात रक्षा सहावीत गेली आणि तिच्या शाळेत वर्षाली मॅडमनी कचऱ्याची टूम काढली. प्रत्येकाने आठवडाभराचा घरचा कोरडा कचरा धुऊन, थैलीत भरून आणायचा. शुक्रवारी चाळीस थैल्या वर्गात पालथ्या केल्या, आणि रक्षा घरी आली ती रडवेली.

"आबाजी, सगळ्यायच्या थैलीत आपल्याच दुकानाच्या पन्न्या निघाल्या," ती म्हणाली. "पोट्टे मले म्हणते, हा सारा कचरा तुह्याच घरचा हाये."

योगेंद्र गल्ल्यावर होता. त्याने मान वर केली नाही.

"मंग मी सांगून देलं," रक्षा नाक पुसत म्हणाली, "का माह्ये आबाजी कागदाची पुडी बांधते, पन्नी लागतच नाई. मॅडम म्हणे, उद्या आण त्यायले. शिकवू दे सगळ्यायले."

प्रभाकररावांचे खिशातले हात घट्ट झाले. "मले काऊन फसवून राह्यली बाई? मी नाई येत."

"पन मी हो म्हटलं न!"

"तं नाई म्हणून सांगजो."

पोरगी आत पळाली. रात्रीच्या जेवणाची तयारी करता करता यशोदाबाई बाहेर आल्या. "तिच्यावर काऊन चिडता?" त्या म्हणाल्या.

"अवं, हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईन? चाळीस पोट्टे हसन. तिच्यासमोर हसन."

तीन वर्षांत हाताचं नाव पहिल्यांदा निघालं होतं. यशोदाबाई म्हणाल्या, "हात थरथरते तं थरथरू द्या. जीभ तं अजून चाकूवानी चालते न? तोंडानं शिकवा. बांधन रक्षा."

हे म्हाताऱ्याला पटलं. हात खिशातच राहणार असतील तर काय हरकत होती?

शनिवारी सकाळी ते शाळेत गेले. सतरंजीवर चाळीस पोरं, मध्ये जुन्या वह्यांचा ढीग, परातीत तांदूळ आणि दोऱ्याची रिळं. मॅडमनी खुर्ची दिली. हात खिशात ठेवून प्रभाकररावांनी सुरुवात केली, आणि काय सांगू, पहिला अर्धा तास त्यांनी मैदान मारलं.

"वही फाडाच्या आधी तिले चाळा," त्यांनी सांगितलं. "कोरं पान तिकडे. त्याची नवी वही शिवाची. एका बाजूनं लिवलेलं, थे पुडीले. दोन्ही बाजूनं भरलं, थे रद्दीले; पन पिना काढून अन् सपाट ठेवून. बोळा केला तं कागद मेला. सपाट ठेवला तं कारखान्यात जाऊन पुन्हा कागद होते."

मॅडमनी मध्येच सांगितलं, की शाई धान्याला लागायला नको. "नाईच लागत," प्रभाकरराव म्हणाले. "कोरी बाजू आत, लिवलेली बाहेर. आमचं गिऱ्हाईक डाळ बी नेये अन् घरी जाऊन पाढे बी वाचे." पोरं खिदळली. रक्षाचा चेहरा फुलला. तीन ढीग बघता बघता तयार झाले.

मग पुडी आली, आणि तोंडाचं काम संपलं. "कोन वळ. अजून. तसा नाई, आतून. अंगठा दाब. अवं, अंगठा!" रक्षाचा कोन खालून उघडायचा नाही तर वरून फाटायचा. सगळ्यांचंच तसं. पोहणं आणि पुडी तोंडाने शिकवता येत नाही. चाळीस कोनांतून तांदूळ गळायला लागला, सतरंजीवर पसरला, कोणाच्या पायाखाली आला. पायाखाली धान्य! चोपन्न वर्षं गादीवर बसलेल्या माणसाने ते किती वेळ बघावं?

"आण इकडे!" ते ओरडले, आणि हात खिशातून बाहेर आले.

बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण कागद हातात आला होता. त्यांनी कोन वळला. अंगठ्याला तो ठाऊक होता, तो बरोबर बसला. तांदूळ ओतताना मात्र हात थरथरू लागला, आणि कोन हातात नाचायला लागला. त्यांनी वर पाहिलं नाही. तोंड दुमडलं, दोरा धरला. पूर्वी एका श्वासात होणारं काम. आता दोरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. झटका दिला, तुटला. पुडी झाली. एकही दाणा गळला नव्हता.

कपाळ पुसून त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

चाळीसच्या चाळीस पोरांनी डाव्या हातात कोन धरले होते आणि सगळ्यांचे हात थरथरत होते. कोणी हळू, कोणी जोरात, कोणी डोळे मिटून. रक्षासुद्धा.

"थट्टा करून राह्यले का बे?" प्रभाकरराव उठले. आवाज फुटला होता. "म्हाताऱ्याची नक्कल करता?"

पोरं दचकली, पण हात थांबले नाहीत. पुढे बसलेली, धाबेवाल्या धीरजची पोरगी, दोन घट्ट वेण्यांची, कोनावरची नजर न काढता म्हणाली, "आबाजी, अजून किती वेळ हलवाचं? माह्ये दाणे तं बसले."

प्रभाकरराव उभेच राहिले. मॅडम काही बोलायला पुढे झाल्या. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ते त्या पोरीजवळ गेले, वाकले. कोनातला तांदूळ खरंच हलून हलून खाली बसला होता, वरचा कागद मोकळा झाला होता आणि दुमड सफाईने बसणार होती. सगळ्या वर्गाला वाटत होतं की हीच आबाजींच्या पुडीची खुबी आहे. थरथर त्यांना दिसली होती, पण त्यांनी ती कारागिरीत मोजली होती.

म्हाताऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं सांगायला जीभ वळत नव्हती. शेवटी दाण्यांकडे पाहून जे खरं होतं तेच ते म्हणाले.

"बसले म्हणते न? मंग बांध. तांदळाले एवढं पुरे. साखरेले कमी."

त्या दिवशी वर्गात तेहतीस पुड्या टिकल्या. घरी येताना रक्षा आबाजींच्या हाताला धरून चालली, आणि तो हात तिच्या हातात थरथरत होता.

तुम्हाला वाटेल, म्हातारा आता सुधारला. नाही. सोमवारी दुकान उघडलं तेव्हा हात पुन्हा बंडीच्या खिशात. पोरं वेगळी, बाजार वेगळा. इथे तो साबुदाणा सांडलेला पाहणारी माणसं रोज येत होती.

दहाच्या सुमाराला गर्दी असताना तीच दोन वेण्यांची पोरगी आली. हातात वहीचं पान. "काका, पाव तूरडाळ द्या," ती योगेंद्रला म्हणाली. "पन्नी नोको. याच्यात बांधून द्या."

योगेंद्र हसला. लहानपणी बाबांनी त्यालाही रेतीवर बसवलं होतं. चार दिवसांत त्याने पळ काढला होता. आता त्याने कोन वळला, डाळ ओतली, तोंड दुमडायला गेला तर दुमड बसेना. दाबली तशी डाळ खालून गळायला लागली. पोरगी टाचा उंचावून सगळं बारकाईने बघत होती.

"काका," ती म्हणाली, "तुमचा हात तं हलूनच नाई राह्यला. हात हलल्याबिगर पुडी कशी बसन?"

तीन वर्षं ज्याच्याभोवती सगळं घर चवड्यांवर चाललं होतं, ते या पोरीने डाळीच्या भावासारखं मोठ्याने विचारलं. योगेंद्रने बाबांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

"माहा नाई हलत, बाई," तो म्हणाला. "माह्या बाबाचा हलते."

तो गादीवरून खाली उतरला. अर्धवट पुडी दोन्ही हातांत धरून खुर्चीपुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, गिऱ्हाईक थांबून हाये."

प्रभाकररावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भरल्या दुकानाकडे. आणि खिशातून दोन्ही हात काढून ते गादीवर जाऊन बसले.