पाठीत बसलेली भीती

पोंभुर्ण्यापलीकडच्या जंगलात, जिथे बैलगाडीची वाट संपून पायवाट लागते, तिथल्या गोंड वस्तीत इसरू मडावी राहायचा. अंगाने वाळकुडा, बाजारात कोणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असा. पण हाक्याचा हंगाम आला की भलेभले बंदूकवाले त्याच्या अंगणात येऊन उभे राहत. हाका म्हणजे वाघाला उठवून मचाणाकडे हाकलत नेणं. बंदूकवाला वर झाडावर, शाल पांघरून, थर्मासमधला चहा पीत बसलेला. आणि खाली पत्र्याचे डबे बडवत, आरडाओरडा करत वाघाच्या दिशेने चालायचं ते वस्तीतल्या पोरांनी. मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो कोण काढून घ्यायचं, हे सांगायला नको.

पोरांची रांग तुटू नये हे इसरूचं काम. रांगेतला एक जरी पळाला तरी खिंडार पडतं, वाघ मागे फिरतो आणि वाटेत येईल त्याला आडवा करतो. इसरूचा बाप असाच गेला होता. शेजारचा पळाला आणि बाप वाघाला सापडला. तेव्हापासून एक गोष्ट इसरूच्या मनात पक्की बसली होती, की ‘भिऊ नका’ असं सांगून आजवर कुणाचीही भीती गेलेली नाही. सांगणाऱ्याला मात्र आपण काहीतरी केलं असं वाटतं.

म्हणून तो वेगळंच करायचा. हंगामाच्या आधी तो पोरांना रोज सकाळी नाल्याच्या काठी अनवाणी उभं करी. आधी टाचा कुठे टेकल्यात ते बघा. मग पोटऱ्या, गुडघे, पोट. श्वास कुठवर जातो आणि कुठे अडतो ते बघा. पोरं कंटाळून जांभया देऊ लागली की मागच्या झुडपातून कुणीतरी एकदम डबा बडवी. सगळी दचकायची. मग इसरू एकेकासमोर जाऊन विचारायचा, "कुठी बसली?"

"गुडघ्यात."

"माह्या घशात, मामा. थुंका गिळवत नाई."

"बसू दे. हाकलू नोको तिले. तिच्यावर ध्यान ठेव आन् टाच दाबून धर. जागा भेटली का ती सोताहून गप बसते."

हसण्यासारखं वाटेल, पण याचा गुण यायचा. लालसू म्हणून एक तापट पोरगा होता, बाजाराला गेला की मारामारी करूनच परतायचा. इसरूने त्याला रागाची जागा शोधायला लावली. ती सापडली जबड्यात. त्यानंतर कुणी डिवचलं की लालसू दात आवळून म्हणायचा, "थांब जरा, जबड्यात आला हाय." समोरच्याला हसू फुटायचं आणि भांडण तिथल्या तिथे मिटायचं.

वस्तीतली सगळीच पोरं इसरूला मामा म्हणत, पण चैतू त्याचा खरा भाचा. सुकरीचा, म्हणजे इसरूच्या विधवा बहिणीचा, एकुलता एक. चैतू मिसरूड फुटायच्या वयाचा झाला तेव्हा सुकरीने त्याला स्वतः आणून भावाच्या पुढ्यात उभं केलं.

"तू हाय म्हून धाडून राह्यली," ती म्हणाली. "नाईतर मी पोराले वाघाच्या वाटीनं जाऊ नसती देल्ली."

इसरूचा एक नियम होता आणि तो बंदूकवाल्यांनाही पाळावा लागे. जखमी वाघावर हाका नाही. कोरा, म्हणजे न दुखावलेला वाघ गोंगाटाला वैतागून पुढे सरकतो; त्याच्यासमोर माणसाने पाय रोवले की तो बगल देतो. दुखावलेला वाघ मात्र आवाजावरच चाल करून येतो. त्याच्यासमोर पाय रोवणं म्हणजे जीव हातावर ठेवून त्याला देणं. म्हणून दर हाक्याआधी इसरू मालकांना विचारायचा, "जनावर कोरं हाय ना जी?" आणि त्या एका शब्दावर रांग जंगलात शिरायची.

मालक म्हणजे गुणवंतराव. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, मालक म्हणवून घ्यायची हौस काही सरकारला काढता आली नव्हती. पण माणूस अगदीच वाईट नव्हता. इसरूची बायको तापाने फणफणली तेव्हा त्यांनीच आपल्या बैलांच्या दमणीतून तिला चांद्याला पोचवलं होतं. इसरू त्यांच्या शब्दाला देवापुढच्या शब्दासारखं मानायचा.

पंचावन्न सालच्या थंडीत गुणवंतरावांकडे नागपूरचे पाहुणे आले. वाघ नाल्याकडच्या बांबूत आहे, हाका लगेच हवा, असा निरोप आला.

"जनावर कोरं हाय ना जी, मालक?"

"कोरं आहे रे बाबा. दरवेळी काय विचारतोस!"

रांग लागली. चैतूचा हा पहिला हाका. इसरू सवयीप्रमाणे एकेकाला विचारत त्याच्यापर्यंत आला.

"कुठी बसली?"

"मामा, रोज पोटात रायते. आज पाठीत हाय," चैतू हळूच म्हणाला. "गार पडली पाठ. आज काईतरी येगळं हाय."

इसरू त्याच्याकडे बघत क्षणभर थांबला. पण मालकांनी कोरं म्हटलं होतं. त्याने पोराच्या पाठीवर हात ठेवला. "पयला हाका हाय, म्हून. पाठीतबी बसते. बसू दे. टाच दाबून धर."

डबे वाजू लागले आणि बांबूतून वाघ सरळ रांगेवर आला. लालसू झरझर झाडावर चढला. बाकीच्यांची पाचावर धारण बसली, वाट फुटेल तिकडे ती पळाली. चैतू मात्र मामाने शिकवलं तसं टाचा रोवून, डबा बडवत उभा राहिला. वाघाने त्याचा डावा खांदा धरला. तेवढ्यात मचाणावरून गोळी सुटली आणि वाघ त्याच्या अंगावरच कोसळला.

पोर जिवंत होतं. त्याच्या खांद्याला धोतर गुंडाळून इसरू उठला, तेव्हा त्याला वास आला. वाघाच्या मागच्या पायावर माश्या घोंगावत होत्या. तिथे एक जुनी जखम होती, कडांचं रक्त काळं पडून वाळलेलं.

"हे आजचं नाई, मालक."

गुणवंतराव पाहुण्यांकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले, "काल संध्याकाळी गोळी लागली होती. आणि सांगितलं असतं तर तुम्ही लोक आला असता का?"

किती साधेपणाने बोलला तो माणूस! जणू भाजीत मीठ कमी पडलं होतं. केसाने गळा कापतात म्हणतात. त्याचा कापला गेला होता आणि कापणारा माणूस घड्याळ बघत होता.

चांद्याच्या दवाखान्यात चैतूचा जीव वाचला, हात वाचला नाही. खांद्यापासून तो लोंबतच राहिला. शुद्धीवर आल्यावर पोराने पहिलं वाक्य उच्चारलं, "मामा, मी हल्लो नाई ना?"

"नाई रे बापा. नाई हल्ला."

वाघ आधीच जखमी होता हे इसरूने त्याला सांगितलं नाही. सुकरीलाही नाही. कसं सांगणार? पोराकडे आता उरलं होतं काय? येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानाने सांगायचा, सगळे पळाले, मी उभा राह्यलो. एका हाताने मोहफुलं वेचताना सांगायचा. तो दिसला की लालसू मान खाली घालून वाट बदलायचा. आणि इसरू दरवेळी मान डोलवायचा, प्रत्येक वेळी ती मान त्याला जड व्हायची.

पुढच्या थंडीत गुणवंतराव पुन्हा अंगणात आले. नवे पाहुणे होते, हाका हवा होता. इसरूने नाही म्हटलं.

"एवढ्यासाठी?" गुणवंतराव हसले. "अरे, पोरगा जिवंत आहे ना तुझा?"

सगळ्या वस्तीला रागाची जागा शोधायला शिकवणाऱ्या त्या माणसाने त्या क्षणी स्वतःच्या अंगात काहीच शोधलं नाही. तो ओरडला, "वाघ आदल्या सांजीचा जखमी व्हता, हे तुमाले ठाव व्हतं! तरी तोंड वर करून कोरं म्हणले! तुमच्या शब्दावर माह्या पोट्ट्याले उभा केला मी!"

गुणवंतराव पाठ फिरवून निघून गेले. इसरू वळला तर दारात चैतू उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे त्या दिशी माही पाठ खरं सांगून राह्यली व्हती?"

इसरू कसाबसा म्हणाला, "हो."

"आन् तुले हे कवा कळलं?"

"तवाच. वाघ पडला तवाच."

चैतू रडला नाही, ओरडलाही नाही.

"मालक खोटं बोलला, त्याचं मले काई नाई," तो म्हणाला. "तो मालक हाय. तू मामा व्हता. मी सांगत व्हतो तवा तुनं त्याचं आयकलं. आन् मंग सालभर मले मिरवू देल्लं."

तो आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकरी आणि चैतू आपलं बिऱ्हाड घेऊन कुरखेड्याकडच्या नातेवाइकांकडे निघून गेले. इसरू वाटेत उभा होता. सुकरी थांबली नाही. भावाच्या अंगावरून गेली, तेव्हा तिने पदर सावरून घेतला, परक्या पुरुषासमोर घेतात तसा.